मेलेला सामन आणि सोळा व्हॉक्सेल: सामायिक मेंदू-प्रतिमा केंद्रातील एका चाचणीचे प्रकरण

२००५ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या मेंदू-प्रतिमा केंद्रात एक अख्खा अटलांटिक सामन एमआरआय स्कॅनरमध्ये ठेवला गेला. लांबी सुमारे १८ इंच, वजन ३.८ पौंड, म्हणजे पावणेदोन किलोला थोडा कमी. मासा बाजारातून आणलेला, अर्थात मेलेला होता. त्याला माणसांची छायाचित्रे दाखवण्यात आली. प्रत्येक छायाचित्रात काहीतरी सामाजिक प्रसंग होता आणि त्यातल्या व्यक्तीला काय वाटत असेल ते माशाने ओळखायचे होते. एक छायाचित्र १० सेकंद, मग १२ सेकंद विश्रांती, अशी १५ छायाचित्रे. एकूण साडेपाच मिनिटे. नेहमीच्या पद्धतीने विश्लेषण केल्यावर माशाच्या मेंदूच्या पोकळीत 'सक्रिय' भाग दिसला.

क्रेग बेनेट, अबिगेल बेअर्ड, मायकेल मिलर आणि जॉर्ज वॉल्फर्ड यांनी हा निकाल २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ह्यूमन ब्रेन मॅपिंग परिषदेत पोस्टर म्हणून मांडला. २०१० मध्ये लेख आला, २०१२ मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळाले. तेव्हापासून हा मासा संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात विनोद म्हणून सांगितला जातो. तो विनोद चांगलाच आहे, पण त्यामुळे एक गोष्ट मागे पडली. हा स्कॅन संख्याशास्त्रासाठी झालाच नव्हता. स्कॅनरचा प्रोटोकॉल (स्कॅनच्या ठरवलेल्या सेटिंग्ज) तपासण्यासाठी तो केलेला होता. मासा आला तो केंद्राच्या रोजच्या कामातून, आणि आमच्या मते या प्रकरणाचा खरा उपयोगही तिथेच आहे: माणसाला टेबलावर झोपवण्याआधी, ज्यात काहीही सापडू नये असा डेटा संपूर्ण पाइपलाइनमधून, म्हणजे विश्लेषणाच्या पायऱ्यांच्या साखळीतून, चालवून पाहणे.

मासा का?

एफएमआरआयचा (रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचे काम टिपणाऱ्या एमआरआयचा) प्रोटोकॉल तपासायला सहसा फँटम वापरतात, म्हणजे ठरावीक द्रावण किंवा जेल भरलेला गोळा. डार्टमथच्या गटाने त्याआधी भोपळा आणि कोंबडीही स्कॅन केली होती. प्रतिमेत वेगवेगळ्या ऊतींचा फरक नीट दिसतो का हे पाहायला अशा वस्तू बऱ्या पडतात. सामनमध्ये स्नायू, चरबी, काटे आणि पोकळ्या असतात, त्यामुळे गोळ्यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळते.

याला आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही. गोल फँटम विश्लेषणाच्या पाइपलाइनमध्ये घातला की ती पहिल्याच पायरीला अडखळते. हालचाल-दुरुस्ती सहा आकडे काढते: तीन दिशांतले सरकणे आणि तीन अक्षांभोवतीचे फिरणे. एकसारखा गोळा फिरला तरी प्रतिमा तीच राहते, म्हणून सॉफ्टवेअरला फिरण्याचे कोन ठरवता येत नाहीत आणि ते नॉइजवरून काहीतरी आकडे बनवते. कवटी वेगळी काढण्याची पायरीही गोळ्यावर चालत नाही, कारण तिथे कवटीच नसते. माशाला मात्र डोके आहे, शेपूट आहे, डावे-उजवे आहे. त्याची टी१ प्रतिमा (ऊतींची रचना दाखवणारी) काढता येते आणि कार्यात्मक प्रतिमा त्या टी१वर बसवताही येतात. माणसासाठी लिहिलेल्या बहुतेक पायऱ्या त्याच्यावर तशाच्या तशा चालतात. शिवाय त्याच्या रक्तात ऑक्सिजनचे प्रमाण बदलणार नाही याची खात्री असते.

अशी चाचणी करायची असेल तर काही साध्या गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात. मासा गोठलेला चालत नाही: बर्फातील प्रोटॉनांचा सिग्नल मायक्रोसेकंदांत विझतो आणि इको (स्कॅनर मोजतो तो परतीचा सिग्नल) येईपर्यंत काहीच उरत नाही, म्हणून पडद्यावर काळे भोक दिसते. मासा पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला आलेला हवा, कारण स्कॅन चालू असताना तो कोमट होत गेला तर पाण्याची अनुनाद-वारंवारता अंशामागे सुमारे ०.०१ पीपीएम सरकते आणि टी१ही (ऊतीचा सिग्नल पूर्ववत होण्याचा काळ) बदलतो. परिणामी आकड्यांत सावकाश घसरण दिसू लागते. तोंडात गळाचा तुकडा अडकलेला नाही ना, हे हातातल्या चुंबकाने दाराबाहेरच तपासावे. प्लास्टिकचे दोन थर गुंडाळावेत, कारण हेड कॉइलच्या (डोक्याभोवतीच्या सिग्नल टिपणाऱ्या पिंजऱ्याच्या) फटीत गेलेले माशाचे पाणी काढणे ही वेगळीच शिक्षा आहे. बाजूने फोम लावावा. डार्टमथच्या गटानेही माशाभोवती फोम लावला होता. माशाची हालचाल अत्यल्प असल्याने फोमची फारशी गरज पडली नाही, अशी नोंद त्यांनी लेखात गंभीर चेहऱ्याने केली आहे.

काय केले, नेमके

लेखातली विश्लेषणाची कृती त्या काळच्या कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. आधी सहा आकड्यांची हालचाल-दुरुस्ती झाली आणि कार्यात्मक प्रतिमा टी१ प्रतिमेशी जुळवून घेतल्या. त्यानंतर ८ मिमी रुंदीचे गाउसी स्मूदिंग, म्हणजे प्रत्येक बिंदूचा आकडा शेजाऱ्यांच्या आकड्यांत मिसळून प्रतिमा गुळगुळीत करणे. मग प्रत्येक व्हॉक्सेलसाठी (प्रतिमेच्या सर्वांत लहान घन ठोकळ्यासाठी) जनरल लिनियर मॉडेल, म्हणजे मोजलेला सिग्नल अपेक्षित आलेखाशी किती जुळतो याचा हिशेब: छायाचित्र दिसत असताना १ आणि नसताना ० असा चौकोनी आलेख, त्याला रक्तप्रवाहाच्या प्रमाणित प्रतिसादाने वळण दिलेले. सावकाश घसरण काढण्यासाठी १२८ सेकंदांचा हाय-पास फिल्टर. कालिक सहसंबंधासाठी दुरुस्ती केली नाही, असे लेखात स्पष्ट लिहिले आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

उंबरठा पी मूल्य ०.००१ एवढा, म्हणजे काहीही घडत नसताना एका व्हॉक्सेलने निव्वळ योगायोगाने तो ओलांडण्याची शक्यता हजारात एक; हजारो व्हॉक्सेल एकदम तपासल्याबद्दलच्या दुरुस्तीविना. त्याला जोडून आणखी एक अट: किमान तीन व्हॉक्सेल एकमेकांना चिकटून असले पाहिजेत. तपासलेले एकूण व्हॉक्सेल ८०६४ होते. त्यांपैकी १६ उंबरठ्यापलीकडे गेले. एक क्लस्टर, म्हणजे चिकटलेल्या व्हॉक्सेलांचा गठ्ठा, मेंदूच्या पोकळीत, आकार ८१ घन मिलिमीटर, दुसरा पाठीच्या कण्याच्या वरच्या बाजूला. प्रतिमेची विभेदनक्षमता कमी आणि माशाचा मेंदू लहान, त्यामुळे मेंदूचा नेमका कोणता भाग हे सांगता येत नाही, अशी टीपही लेखकांनी जोडली.

त्यानंतर तोच डेटा आणि तोच कॉन्ट्रास्ट (छायाचित्र विरुद्ध विश्रांती ही तुलना) त्यांनी दोन प्रकारच्या दुरुस्त्या लावून पुन्हा तपासला. एक, फॅमिली-वाइज एरर, म्हणजे संपूर्ण नकाशात एक तरी खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ताब्यात ठेवणे. दुसरी, फॉल्स डिस्कव्हरी रेट, म्हणजे सापडलेल्यांपैकी खोट्यांचे प्रमाण ताब्यात ठेवणे. दोन्हींत एकही व्हॉक्सेल उरला नाही. उंबरठा ०.२५ इतका ढिला केला तरीही नाही.

आठ यायला हवे होते, सोळा का आले?

८०६४ ला ०.००१ ने गुणले की आठ येतात. म्हणजे काहीही घडत नसताना सरासरी आठ व्हॉक्सेल उंबरठा ओलांडतील. प्रत्येक व्हॉक्सेल स्वतंत्र मानला तर एकही खोटा न येण्याची शक्यता ०.९९९ चा ८०६४ वा घात, म्हणजे दहा हजारांत तीन. खोटे येणार हे ठरलेलेच होते. बहुतेक जण इथे थांबतात. पण सोळा हा आकडा आठच्या दुप्पट आहे, आणि त्यातले व्हॉक्सेल गठ्ठ्याने आले आहेत. त्याची कारणे स्कॅनर केंद्रात काम करणाऱ्याने समजून घ्यायला हवीत, कारण ती माशापुरती नाहीत.

पहिले कारण स्मूदिंग. ३ मिमी बाजूच्या व्हॉक्सेलने मोजले तर ८१ घन मिमी म्हणजे नेमके तीन व्हॉक्सेल. ८ मिमीचे स्मूदिंग त्याच व्हॉक्सेलांत मोजले तर प्रत्येक दिशेला २.६७ व्हॉक्सेल, तिन्ही दिशा मिळून जवळजवळ १९. म्हणजे एका व्हॉक्सेलचा नॉइज शेजारच्या दीड-एक डझनात पसरवून झाल्यावर आपण 'तीन तरी चिकटलेले हवेत' अशी अट घालतो. ही अट मग जवळजवळ आपोआप पूर्ण होते. खोटी शिखरे एकेकटी येतच नाहीत, घोळक्याने येतात. याच हिशेबाने ८०६४ व्हॉक्सेलांत स्वतंत्र माहितीचे तुकडे सव्वाचारशेच्या आसपास उरतात. स्मूदिंगने खोट्या व्हॉक्सेलांची सरासरी संख्या बदलत नाही, पण तिचा चढउतार वाढतो: एखाद्या स्कॅनमध्ये शून्य, एखाद्यात पंचवीस. त्यामुळे एका स्कॅनमध्ये सोळा येणे यात संशयास्पद असे काही नाही.

त्या काळी प्रयोगशाळांत 'इतका पी आणि इतके व्हॉक्सेल' अशा जोड्या तोंडपाठ असत. २००९ मध्ये लीबरमन आणि कनिंगहॅम यांनी ०.००५ आणि दहा व्हॉक्सेल ही जोडी सुचवली, ती खऱ्या परिणामांना मुकण्याची भीती लक्षात घेऊन. ती भीती रास्त आहे. दुरुस्ती फार कडक केली की लहान नमुन्यातला खरा परिणामही गाळला जातो. पण व्हॉक्सेलचा आकार आणि स्मूदिंग न सांगता 'दहा व्हॉक्सेल' म्हणणे म्हणजे एकक न सांगता लांबी सांगणे. २ मिमीच्या व्हॉक्सेलवर ८ मिमी स्मूदिंग केले तर ६४ व्हॉक्सेल एकाच ठशात बसतात. तिथे दहाची अट नावापुरती राहते.

दुसरे कारण कालिक सहसंबंध, आणि इथे मघाचे वाक्य कामाला येते. मॉडेल असे धरून चालते की एका क्षणाचा नॉइज पुढच्या क्षणाच्या नॉइजशी संबंधित नाही. प्रत्यक्षात तो असतो. ग्रेडियंट कॉइल तापतात, त्यांच्या जवळचे शिमचे (क्षेत्र एकसारखे करणारे) लोखंड तापते, चुंबकीय क्षेत्र काही हर्ट्झने सरकते आणि ईपीआय (एफएमआरआयच्या जलद पद्धतीची) प्रतिमा एका ठरावीक दिशेने, फेज-एन्कोडिंगच्या, किंचित हलते. माशाच्या कडेला, हाड-स्नायूच्या सीमेवर, एवढ्या हलण्यानेही तीव्रता बदलते. १२८ सेकंदांचा फिल्टर ०.००८ हर्ट्झच्या खालची घसरण काढतो. प्रयोगाचा फेरा २२ सेकंदांचा, म्हणजे वारंवारता ०.०४५ हर्ट्झ. या दोन आकड्यांच्या मधले जे काही संथ हेलकावे उरतात त्यांना फिल्टर हात लावत नाही. सहसंबंध दुर्लक्षित केला की मॉडेलला स्वतंत्र निरीक्षणे आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात, प्रमाण-त्रुटी कमी निघते, टी मूल्य फुगते. उंबरठा कागदावर ०.००१, प्रत्यक्षात त्याहून ढिला.

यात मासा हा सर्वांत सभ्य सब्जेक्ट आहे हे विसरू नये. तो श्वास घेत नाही, त्याचे हृदय धडधडत नाही, तो गिळत नाही, झोपेत मान टाकत नाही. माणसाचा श्वास ०.२ ते ०.३ हर्ट्झचा आणि ठोका १ हर्ट्झच्या आसपास. टीआर (दोन सलग प्रतिमांमधला वेळ) २ सेकंद असेल तर ०.२५ हर्ट्झच्या वरचे काहीही खरे रूप दाखवत नाही, ते दुमडून खालच्या वारंवारतांत येते आणि नेमके प्रयोगाच्या पट्ट्यात बसू शकते. माशावर नापास झालेली पाइपलाइन माणसावर पास होण्याचे काही कारण नाही. माशावर पास झालेली मात्र माणसावर नापास होऊ शकते.

माणसाच्या मेंदूवर हाच हिशेब

प्रौढ मेंदूचे आकारमान सुमारे १३०० घन सेंटीमीटर. ३ मिमीच्या व्हॉक्सेलने अंदाजे ४८,०००, २ मिमीच्या व्हॉक्सेलने एक लाख साठ हजारांहून जास्त. ०.००१ वर पहिल्यात ४८, दुसऱ्यात १६० च्या वर खोटे. विभेदनक्षमता वाढवली की चित्र सुंदर होते आणि दुरुस्ती न केलेला उंबरठा आणखी निरुपयोगी होतो. माशाच्या लेखासाठी गटाने २००८ सालची काही प्रमुख नियतकालिके चाळली होती. नियतकालिकागणिक सुमारे पाव ते चाळीस टक्के एफएमआरआय लेखांत दुरुस्ती केलेली नव्हती. आज दुरुस्ती न करता लेख पाठवला तर बहुधा परीक्षकच परत पाठवतो. त्या बाबतीत मासा जिंकला.

दुरुस्ती केली म्हणजे झाले, असे नाही

इथून पुढचा भाग आम्हाला माशापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दुरुस्तीसुद्धा काही गृहीतकांवर उभी असते आणि ती गृहीतके कुणीतरी तपासावी लागतात.

२०१६ मध्ये आंदर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी नेमके तेच केले. ४९९ निरोगी व्यक्तींचा विश्रांत अवस्थेतला, सर्वांसाठी खुला असलेला डेटा घेतला. त्या लोकांना कोणतेही काम दिलेले नव्हते. त्यावर बनावट वेळापत्रके लावून एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय या तीन प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये सुमारे तीस लाख गट-विश्लेषणे चालवली. खोटे पॉझिटिव्ह ५ टक्के यायला हवे होते. क्लस्टरच्या आकारावर आधारित दुरुस्तीत ते काही ठिकाणी ७० टक्क्यांपर्यंत गेले. क्लस्टर ठरवण्याचा प्राथमिक उंबरठा ०.०१ ठेवला तेव्हा परिस्थिती सर्वांत वाईट होती, ०.००१ वर बरीच सुधारली. कारण असे की नॉइज अवकाशात जितक्या लवकर विरतो असे सूत्र मानते तितक्या लवकर तो विरत नाही, त्याची शेपटी लांब असते. याच तपासात एएफएनआयच्या क्लस्टर-सिम्युलेशनमधला पंधरा वर्षे जुना बगही सापडला. पर्म्युटेशन पद्धत (डेटाचीच पुन्हा पुन्हा अदलाबदल करून उंबरठा काढणारी) मात्र जवळपास सर्वत्र टिकली.

त्या लेखावरून 'चाळीस हजार अभ्यास चुकीचे' अशा बातम्या झाल्या. नंतर ते विधान मागे घेण्यात आले आणि निकोल्स यांचा स्वतःचा अंदाज साडेतीन हजारांच्या आसपास होता. माशाचेही असेच झाले होते. एफएमआरआय भंपक आहे असे लेखकांनी कधीच म्हटले नव्हते.

आणखी एक प्रकार असा आहे की ज्यावर कोणतीच दुरुस्ती चालत नाही. प्रोजेक्टर, उत्तरे नोंदवण्याचा बटण-बॉक्स, किंवा पेनिट्रेशन पॅनेलमधून (खोलीच्या भिंतीतल्या केबलींच्या फळीतून) फिल्टर न लावता आत नेलेली केबल, यांतून स्कॅनरच्या खोलीत रेडिओ-वारंवारतेचा गोंधळ शिरू शकतो. तो गोंधळ सतत असेल तर प्रतिमेत ठिपक्यांची रेषा दिसते आणि तंत्रज्ञ लगेच ओळखतो. पण तो फक्त छायाचित्र पडद्यावर असतानाच येत असेल तर तो डिझाइनशी तंतोतंत जुळतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो खरा परिणाम आहे आणि कितीही कडक उंबरठा लावला तरी टिकतो. हात हलवून बटण दाबल्याने डोक्याजवळचे क्षेत्र बदलते, बोलल्याने तोंडातल्या हवेची जागा बदलते, तीही याच जातीची भानगड. माशाला हात नव्हते हे एका अर्थी त्या चाचणीचे न्यून म्हणावे लागेल.

केंद्राने काय करावे

सामायिक केंद्रात कामाची वाटणी साधारण अशी असते: भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ स्कॅनर सांभाळतात, दररोज किंवा आठवड्याला फँटम घालून आकडे नोंदवतात, आणि संशोधकाच्या हाती डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाण नमुन्यातल्या) फाइली देतात. पुढचे विश्लेषण ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेचे. शून्य चाचणी, म्हणजे काहीही सापडू नये असा डेटा पाइपलाइनमधून चालवणे, या दोघांच्या मधल्या फटीत पडते. स्कॅनरवाल्याला ती विश्लेषणाची बाब वाटते, विश्लेषणवाल्याला स्कॅनरची. एकाच यंत्रावर दहा गट दहा पाइपलाइनी चालवत असतील तर ही फट दहा ठिकाणी असते. म्हणून ती जबाबदारी केंद्राकडे लेखी असावी असे आम्ही म्हणतो.

रोजच्या तपासणीसाठी प्रचलित कृती आहे आणि ती बदलण्याचे कारण नाही: १७–१८ सेंमी व्यासाचा अगार-जेलचा (शेवाळापासून केलेल्या जेलचा) गोळा, निकेल क्लोराइड आणि मीठ घातलेला. २०० टाइम-पॉइंट, टीआर २ सेकंद, टीई (इको मोजेपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंद. मधल्या स्लाइसवर २१ × २१ व्हॉक्सेलचा चौकोन, त्यात सिग्नल-नॉइज गुणोत्तर, चढउताराची टक्केवारी आणि घसरण. पहिले दोन टाइम-पॉइंट टाकून द्यायचे. जेल अशासाठी की द्रव भरलेल्या गोळ्यात आतला प्रवाह थांबायला वेळ लागतो. आत्ताच उचलून ठेवलेला गोळा दहा मिनिटे हेलकावे खातो आणि ते हेलकावे आकड्यांत येतात. ही तपासणी स्कॅनर ठीक आहे एवढे सांगते. पाइपलाइनबद्दल ती काही सांगत नाही.

शून्य चाचणी तिच्या वरची. नवा प्रकल्प मंजूर झाला की त्याचा पूर्ण प्रोटोकॉल, तोच कॉइल, तोच मल्टिबँड गुणांक (एकाच वेळी किती स्लाइस घ्यायचे तो आकडा), तीच फेज-एन्कोडिंग दिशा घेऊन, आकारात डावे-उजवे असलेल्या निर्जीव वस्तूवर दोन रन करावेत. मासाच हवा असे नाही. भोपळा जास्त स्वच्छ आहे आणि दिवसभर टिकतो. पहिल्या रनमध्ये संगणक, प्रोजेक्टर, बटण-बॉक्स आणि ट्रिगर सगळे चालू, छायाचित्रे खऱ्या वेळापत्रकानुसार. दुसऱ्या रनमध्ये सगळे बंद. दोन्ही रन तोच डिझाइन मॅट्रिक्स (वेळापत्रकाचा आकड्यांतला तक्ता) लावून पाइपलाइनमधून जातात. चालू असतानाच काही टिकले आणि बंद असताना नाहीसे झाले, तर विश्लेषण सोडून केबलींच्या मागे लागायचे: एकेक उपकरण काढून पुन्हा रन, फिल्टर नसलेली तार आधी.

दोन्हींत काही टिकले तर प्रश्न पाइपलाइनचा. मग बनावट वेळापत्रके. ब्लॉकांच्या सुरुवाती यादृच्छिक हलवून २०० वेळापत्रके बनवावीत आणि प्रत्येकासाठी दुरुस्तीसह संपूर्ण विश्लेषण चालवावे. फॅमिली-वाइज ५ टक्क्यांचा दावा खरा असेल तर दहाच्या आसपास वेळापत्रकांत काहीतरी सापडेल. शुद्ध योगायोगाचा चढउतार धरला तर चार ते सोळा यांत काळजी नाही. तीस-चाळीस आले तर आहे. सगळी वेळापत्रके एकाच डेटावर असल्याने ती एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून सीमेवरचा आकडा आला तर दुसऱ्या दिवशीचा डेटा घेऊन पुन्हा करावे, लगेच निष्कर्ष काढू नये. २२ सेकंदांचा ठरावीक फेरा कायम ठेवून नुसता मागेपुढे सरकवणे पुरेसे नाही. सगळी वेळापत्रके त्याच वारंवारतेवर बसतात आणि बाकीचा पट्टा तपासलाच जात नाही.

इथे सर्वांत जास्त वेळा जे बिघडते ते असे: टीआर एका सेकंदाच्या आत आणला, पण सहसंबंधाचे मॉडेल दोन सेकंदांच्या काळातलेच ठेवले. एसपीएमचे जुने एक-पायरी मॉडेल (फक्त मागच्या एका क्षणाशी संबंध धरणारे) जलद टीआरला अपुरे पडते. तिथे फास्ट हा पर्याय निवडावा लागतो, आणि तो आपोआप निवडला जात नाही. लक्षण एकच, सर्वत्र थोडी थोडी सक्रियता. दुसरे, स्मूदिंग दोनदा होणे: एकदा पूर्वप्रक्रियेच्या साधनात, एकदा विश्लेषणाच्या स्क्रिप्टमध्ये. क्लस्टर-दुरुस्तीला जर स्मूदिंगचा आकडा हाताने दिला असेल तर ती पूर्ण फसते. आकडा नेहमी मॉडेलच्या उरलेल्या भागावरून मोजून द्यावा.

निर्जीव वस्तूवर पास झाल्यावर माणसाच्या विश्रांत अवस्थेतला डेटा. तो प्रत्येक गटाने वेगळा गोळा करण्याची गरज नाही. केंद्राने रीतसर संमती घेऊन प्रत्येक प्रमुख प्रोटोकॉलवर काही जणांचे विश्रांत रन एकदाच घ्यावेत, बिड्स (मेंदू-प्रतिमा डेटाच्या प्रमाण फाइल) रचनेत सामायिक सर्व्हरवर ठेवावेत आणि प्रत्येक नव्या गटाने आपली पाइपलाइन त्यावर चालवून एक पान भरून द्यावे. त्या पानावर सॉफ्टवेअरची आवृत्ती, व्हॉक्सेलचा आकार, मोजलेले स्मूदिंग, सहसंबंधाचे मॉडेल, उंबरठा आणि दुरुस्तीची पद्धत, आणि २०० पैकी किती वेळापत्रकांत काही सापडले तो आकडा. लेखाबरोबर तेच पान पुरवणी म्हणून जोडता येते, त्यामुळे गटही कुरकुर करत नाहीत.

चाचणी पुन्हा केव्हा करायची याचे वेळापत्रक तारखेवर नव्हे तर बदलावर बांधावे: स्कॅनरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, कॉइल बदलणे किंवा दुरुस्त होऊन येणे, ग्रेडियंट किंवा शिमची दुरुस्ती, प्रोजेक्टर वा बटण-बॉक्स बदलणे, पॅनेलमधून नवी केबल. विश्लेषणाच्या बाजूने, सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती बदलली की केवळ साठवलेल्या डेटावर पाइपलाइन पुन्हा चालवायची, स्कॅनरचा वेळ लागत नाही. एखादा अभ्यास मध्यावर असताना यातले काही बदलले, तर त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे सब्जेक्ट प्रत्येक गटात सारखे वाटले गेले आहेत का, ते तारीख हातात घेऊन त्याच आठवड्यात मोजावे. आधी सगळे रुग्ण आणि नंतर सगळे निरोगी, असे निघाले तर उरलेल्या स्लॉटची वाटणी तेव्हाच बदलता येते.